दारू, वरवंटा आणि दहा वर्षं

दहा रुपये. दारू पिऊन सार्वजनिक जागी लोकांना त्रास देणाऱ्याला १८६०च्या भारतीय दंड संहितेने कलम ५१० खाली ठरवलेला दंड एवढाच होता. किंवा फार तर २४ तासांची साधी कैद. दीडशेहून अधिक वर्षं हा आकडा कुणी हलवला नाही. १ जुलै २०२४ला भारतीय न्याय संहिता लागू झाली, कलम ३५५ मध्ये दहाचे हजार झाले आणि समाजसेवेच्या शिक्षेची सोय झाली. २४ तास मात्र २४च राहिले. चौकात झिंगणाऱ्याची कायद्याच्या लेखी किंमत ही एवढीच. तोच माणूस चौकातून घरी गेला, पैशांवरून वाजलं आणि हाताशी वरवंटा लागला, तर तासांचा हिशेब संपतो आणि वर्षांचा सुरू होतो. तो फाशीपर्यंत जाऊ शकतो.

'प्यालेला होता म्हणून कमी शिक्षा झाली' असं गावात, चाळीत, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर सर्रास म्हटलं जातं. निकालपत्रं वाचली की दिसतं ते वेगळं. वर्षं कमी-जास्त होतात ती प्यालेल्या क्वार्टरने नव्हे. काय उचललं, कुठून उचललं, कितीदा मारलं आणि मारल्यावर काय केलं, यावर ती ठरतात. दारूचा वाटा आहे, पण तो एका शब्दापुरता. त्या शब्दाकडे येतो. आधी पट्टी पाहू, कारण पुढचं सगळं तिच्यावर मोजायचं आहे.

पट्टीच्या वरच्या टोकाला खून. जुनं कलम ३०२, नवं १०३. शिक्षा दोनच: फाशी किंवा जन्मठेप, सोबत दंड. न्यायाधीशाला आरोपीची कितीही कीव आली तरी खून सिद्ध झाल्यावर त्याला 'आठ वर्षं' म्हणता येत नाही. त्याखाली सदोष मनुष्यवध, जुनं कलम ३०४, नवं १०५. कोर्टाच्या आवारात या कलमाला सगळे 'पार्ट वन' आणि 'पार्ट टू' म्हणूनच ओळखतात. मारण्याचा, किंवा मृत्यू ओढवू शकेल अशी इजा करण्याचा हेतू होता, पण खुनाच्या व्याख्येतल्या एखाद्या अपवादाचा आधार मिळाला, तर पार्ट वन: जन्मठेप किंवा कमाल १० वर्षं. हेतू नव्हता, पण अशाने माणूस दगावू शकतो याची जाणीव होती, तर पार्ट टू: कमाल १० वर्षं. जुन्या कायद्यात पार्ट वनच्या कैदेला खालची मर्यादा नव्हती आणि पार्ट टूमध्ये नुसत्या दंडावर सोडण्याचीही कागदोपत्री मुभा होती. नव्या कायद्यात पार्ट वनला किमान ५ वर्षं आली आणि पार्ट टूमधला नुसत्या दंडाचा रस्ता बंद झाला. मात्र गुन्हा ज्या तारखेला घडला त्या तारखेचा कायदा लागतो. ३० जूनच्या रात्रीचं भांडण जुन्या भावाने मोजलं जाणार, १ जुलैचं नव्या. पुढची बरीच वर्षं सत्र न्यायालयांत ही दोन्ही दरपत्रकं शेजारी शेजारी चालतील.

जन्मठेपेबद्दलही एक गैरसमज पक्का आहे, की ती १४ वर्षांची असते. गांधीहत्येच्या कटात जन्मठेप झालेल्या गोपाळ गोडसे यांनी तुरुंगातली सूट धरून आपली शिक्षा भरली, असा दावा सर्वोच्च न्यायालयात केला होता. १९६१ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला: जन्मठेप म्हणजे उरलेलं आयुष्य, सूट द्यायची की नाही हा सरकारचा प्रश्न. १४ हा आकडा येतो तो दुसऱ्याच तरतुदीतून. खुनासारख्या, फाशीचीही शिक्षा असलेल्या गुन्ह्यात जन्मठेप झालेल्याला १४ वर्षं आत काढल्याशिवाय सरकारला सोडता येत नाही. तो तळ आहे, छत नव्हे. म्हणून खून की पार्ट टू हा वाद शब्दांचा कीस वाटला, तरी कैद्याच्या आयुष्यात त्याचा अर्थ किमान १४ की कमाल १० असा असतो. खटला चालू असताना कोठडीत काढलेले दिवस या दहांतून वजा होतात, जन्मठेपेत फार तर त्या चौदांतून.

आता या पट्टीवर उभे राहणारे किती, ते पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालात देशभरात खुनाचे २८,५२२ गुन्हे आहेत, म्हणजे दिवसाला ७८. महाराष्ट्रात २,२९५, दिवसाला सहाच्या वर. हेतूनुसार मोजलं तर सर्वांत मोठा गट 'वाद' या रकान्याचा: ९,९६२. वैयक्तिक वैर ३,७६१वर थांबतं आणि पैशाअडक्याच्या लाभासाठी केलेले खून १,८८४. सिनेमातले खून सूडासाठी आणि वारशासाठी होतात. पोलीस ठाण्यातल्या नोंदीत शंभरातले ३५ खून कसल्या ना कसल्या वादातून झालेले असतात, आणि या गटाच्या पोटात कौटुंबिक वाद आणि किरकोळ भांडण असे रकाने आहेत.

या तक्त्यांची एक खोच ध्यानात ठेवायला हवी. गुन्हा मोजला जातो तो फिर्याद नोंदवताना पोलिसांनी लावलेल्या कलमाने. बाई दवाखान्यात दगावली, ठाणेदाराने ३०२ लावलं, सहा वर्षांनी न्यायालयाने ते पार्ट टूवर आणलं, तरी त्या वर्षीच्या आकड्यात तो खूनच राहतो. त्यामुळे अहवालातला सदोष मनुष्यवधाचा रकाना पाहून 'एवढ्यांनाच सवलत मिळाली' असा निष्कर्ष काढता येत नाही. सवलत मिळते निकालाच्या दिवशी, मोजणी होते फिर्यादीच्या दिवशी. आणि हेतूंच्या त्या लांबलचक यादीत आरोपी प्यालेला होता का, हे कुठेच दिसत नाही.

दारू दिसते ती दुसऱ्या एका पाहणीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत ज्या बायकांनी 'नवरा वरचेवर पिऊन तर्र असतो' असं सांगितलं, त्यांच्यापैकी सुमारे ७० टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा सोसली होती. नवरा पीतच नाही म्हणणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे २३ टक्के. तिप्पट. इथेच थांबलो तर लेख सोपा होईल: दारू बंद, खून बंद. पण त्याच सर्वेक्षणात गोव्याचे आकडे आहेत. तिथे सुमारे ३७ टक्के पुरुष पितात, महाराष्ट्रात सुमारे १४ टक्के. नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगणाऱ्या बायका मात्र गोव्यात सुमारे ८ टक्के, महाराष्ट्रात सुमारे २५. पिणारे अडीच पट, मार खाणाऱ्या एक तृतीयांश. तेव्हा बाटली एकटी गुन्हेगार नाही. कोण पितो, किती पितो, आणि प्यायल्यावर घरात कुणावर हात टाकायची मुभा आहे असं समजतो, हे बाटलीच्या लेबलवर छापलेलं नसतं. कायदाही काहीसा असाच विचार करतो, आणि ते मला त्याच्या शहाणपणाचं लक्षण वाटतं.

तो एक शब्द आता पाहू. जुन्या कायद्यातलं कलम ८६, नव्यातलं २४. कुणी बळजबरीने किंवा नकळत पाजली असेल तर गोष्ट वेगळी, तिथे पूर्ण बचाव मिळू शकतो. पण स्वतःच्या हाताने प्यायलेल्या माणसाबद्दल कलम असं सांगतं: ज्या गुन्ह्याला विशिष्ट जाणीव किंवा हेतू लागतो, तो गुन्हा नशेत केला तर शुद्धीत असताना त्याला जी जाणीव असती तीच होती असं धरून चालायचं. वाक्याच्या सुरुवातीला 'जाणीव किंवा हेतू' असे दोन शब्द आहेत, शेवटाला 'जाणीव' एकच. हेतू मधल्यामध्ये गळाला. कायद्याचा मसुदा करणारे असे शब्द विसरत नाहीत.

या गळालेल्या शब्दाची किंमत पट्टीवर ठेवून पाहा. वरवंटा डोक्यात घातला तर माणूस मरू शकतो, ही जाणीव पिणाऱ्याच्या खात्यात कायदा न विचारता जमा करतो. 'मला काही कळतच नव्हतं' हे वाक्य तिथेच निकामी होतं. हेतू मात्र फुकट जमा होत नाही, तो सरकार पक्षाला परिस्थितीवरून दाखवावा लागतो, आणि तो जोखताना नशा किती होती हे न्यायालय विचारात घेतं. आता आठवा, पार्ट वन आणि पार्ट टू यांच्यामधली भिंत कशाची होती? हेतू आणि जाणीव यांचीच. दारूच्या नशेतले घरगुती मृत्यू पार्ट टूकडे घरंगळतात, तो रस्ता हा असा आहे. दया म्हणून ही सूट मिळत नाही, कलमाच्या रचनेतूनच ती निघते.

पण रस्ता आहे म्हणून प्रत्येकाला तो मिळत नाही. १९५४च्या मार्च महिन्यात तेव्हाच्या पेप्सू राज्यात, म्हणजे आजच्या पंजाबच्या भागात, एका लग्नघरी बासदेव नावाचा निवृत्त जमादार पिऊन बसला होता. जेवणाच्या वेळी बसायच्या जागेवरून त्याने पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला जरा सरकायला सांगितलं. मुलगा सरकला नाही. जमादाराने पिस्तूल काढून त्याच्या पोटात गोळी घातली. १९५६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जे तपासलं ते आजही प्रत्येक सत्र न्यायालयात तपासलं जातं: चालताना त्याचे पाय लटपटत होते हे खरं, पण तो जागचा हलला, आपल्या पायांनी चालला, बोलला, पळून जायचा प्रयत्न केला, आणि पकडल्यावर काय होऊन बसलं याची त्याला समज होती. ज्याला पळायचं सुचतं त्याला मारायचं सुचलं नव्हतं, असं कसं म्हणायचं? खून कायम झाला, जन्मठेपही. नशेने अक्कल 'पूर्णपणे' गेली होती हे दाखवायचं ओझं आरोपीवर पडतं, आणि रिक्षावाल्याला पत्ता सांगून घरी पोचलेल्या माणसाला ते पेलणं कठीण जातं.

घरातल्या मारहाणीचा सगळ्यांत जुना आणि विधी महाविद्यालयात सगळ्यांत जास्त वेळा गिरवला जाणारा धडा मुंबई उच्च न्यायालयाचा आहे, १८७६चा, गोविंदाचा. त्यात दारूचा प्रश्नच नव्हता, पण पट्टी वाचायला तो शिकवतो. नवरा १८ वर्षांचा, बायको १५. त्याने तिला लाथा-बुक्क्या मारल्या, ती पडली, मग छातीवर गुडघा रोवून तोंडावर दोन-तीन जोरदार ठोसे मारले. मेंदूत रक्त साकळून ती गेली. खालच्या कोर्टाने फाशी दिली. उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींचं एकमत होईना, म्हणून प्रकरण न्यायमूर्ती मेलव्हिल यांच्याकडे गेलं. त्यांनी इजेकडे पाहिलं: हत्यार नाही, मूठ आहे, अशा ठोशांनी मृत्यू संभवतो, पण सर्वसाधारणपणे तो ओढवेलच असं नाही. खून नव्हे, सदोष मनुष्यवध. शिक्षा ७ वर्षं काळं पाणी. फाशी ते ७ वर्षं, एवढं अंतर एका मुठीच्या वजनाने तोडलं. पंधरा वर्षांच्या पोरीच्या छातीवर गुडघा रोवण्याबद्दल आजचा वाचक आणखी काही म्हणेल. मीही म्हणेन. पण ती मोजपट्टी अजून तीच आहे.

खुनाच्या व्याख्येतल्या अपवादांपैकी घरगुती खटल्यांत चौथा सर्वांत जास्त पुढे येतो. अचानक झालेलं भांडण, आधी ठरवलेलं काही नाही, संतापाच्या भरात केलेलं कृत्य, आणि समोरच्याच्या दुबळेपणाचा गैरफायदा किंवा क्रौर्य नाही. चारही गोष्टी एकत्र हव्यात. इथे मराठी माणसाची भाषा त्याला फसवते. आपण 'भांडण' हा एकच शब्द तोंडाच्या आणि हाताच्या दोन्ही भांडणांना वापरतो. कायद्याला तोंडाचं भांडण पुरत नाही, त्याला मारामारी लागते. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्वच्छ सांगितलं: वाद अचानक झाला हे मान्य, पण मारामारी दोन्ही बाजूंनी व्हावी लागते, आणि मेलेला तर निःशस्त्र होता. आता घरातलं चित्र डोळ्यांपुढे आणा. नवरा मारतो, बायको दोन्ही हात डोक्यावर धरते. ही मारामारी नव्हे. चौथ्या अपवादाचं दार बहुतेक नवऱ्यांसाठी इथेच बंद व्हायला हवं. दोन भावांमध्ये, बाप-लेकांमध्ये ते जरा किलकिलं राहतं, कारण तिथे समोरूनही फटका येतो.

आणि 'अचानक' म्हणजे तरी काय? साक्षीच्या पिंजऱ्यात मुलगा सांगतो, 'बाबा रोज प्यायचे, रोज आईला मारायचे.' बचाव पक्षाचा वकील यावर खूश होतो, कारण त्यातून त्या दिवशी वेगळं काही ठरलेलं नव्हतं असं दिसतं. सरकारी वकिलाने त्याच वाक्यावरून उलट विचारायला हवं: जे रोज होतं ते अचानक कसं? निकालांत हे वाक्य दोन्ही बाजूंनी वापरलेलं सापडतं. माझा कल सरकारी वकिलाकडे आहे. रोजच्या मारातून एके दिवशी जीव गेला, तर त्या दिवशी घडलं ते आकस्मिक नव्हतं, त्याची तालीम वर्षानुवर्षं चालू होती.

एक घर धरून हिशेब मांडू. घर कल्पनेतलं, पण कुणालाही ओळखीचं वाटेल असं. दोन खोल्या, नवरा बिगारी कामावर, शनिवारी आठवड्याचा हिशेब होतो. नऊच्या सुमाराला तो येतो, वास आधी येतो. 'पोराच्या फीचं काय केलंत?' एवढंच बायको विचारते. पाटा भिंतीशी टेकून, त्यावर वरवंटा. एक घाव डोक्यात. मग तोच ओरडतो, शेजाऱ्यांना बोलावतो, रिक्षात घालून तिला सरकारी दवाखान्यात नेतो. तिसऱ्या दिवशी ती जाते.

सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये आंध्र प्रदेशातल्या एका खटल्यात हेतू जोखायच्या ११ गोष्टी मोजून दिल्या. हत्यार काय, ते बरोबर आणलं की जागेवर मिळालं, घाव मर्मावर होता का, जोर किती, वाद अचानक झाला का, जुनं वैर होतं का, घाव एक की अनेक, वगैरे. आपल्या घरात या चाळणीतून बरंच नवऱ्याच्या बाजूने पडतं: वरवंटा जागेवरचा, घाव एक, मागाहून धावपळ. डोकं हे मर्मस्थान आणि वरवंटा जड, हे विरुद्ध. पार्ट टू मिळण्याची त्याला चांगली आशा, वकील कसलेला असेल तर जास्तच. आता दारू तेवढीच ठेवून एकेक तपशील बदला. ती पडल्यावर आणखी दोन घाव: क्रौर्य आलं, अपवाद गेला, ३०२. किंवा वरवंटा उचललाच नाही, बाहेर पडवीत गेला, सरपण फोडायची कुऱ्हाड घेऊन परत आला: त्या वीस पावलांत संताप कायद्याच्या लेखी निवलेला असतो. नानावटी खटल्यात पत्नीने परपुरुषाशी असलेल्या संबंधांची कबुली दिल्यापासून नवऱ्याने त्या माणसावर गोळ्या झाडेपर्यंत सुमारे तीन तास गेले आणि 'तीव्र व आकस्मिक प्रक्षोभ' हा बचाव त्या तीन तासांत बुडाला. वीस पावलं म्हणजे तीन तास नव्हेत, पण दिशा तीच. किंवा एकच घाव, पण मग बाई जिन्यावरून पडली अशी हूल उठवली: चार भिंतींच्या आत बायको मेली तर काय झालं ते सांगायची जबाबदारी नवऱ्यावर येते, असं २००६ मध्येच महाराष्ट्रातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं. तिथे बायकोचा गळा आवळला होता आणि नवरा सर्पदंश सांगत होता. चारही वेळा रक्तातली दारू सारखीच. वर्षं मात्र सारखी नाहीत.

रॉकेलचे खटले ही या विषयातली सगळ्यांत अवघड जागा. राजस्थानातल्या एका खटल्यात नवरा दारूत बुडालेला, बायकोचे दागिने दारूसाठी मागत होता. तिने दिले नाहीत. त्याने तिच्यावर रॉकेल ओतलं आणि शेवटी काडी टाकली. ज्वाळा उठल्या तसा तो वेड्यासारखा पाणी ओतू लागला. २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या पाण्याला वजन दिलं, जे झालं तेवढं त्याला घडवायचं नव्हतं असं मानलं आणि गुन्हा पार्ट टूवर आणला. चौदा वर्षांनी, २०१४ मध्ये, महाराष्ट्रातला एक खटला त्याच न्यायालयापुढे आला. प्यायलेला नवरा, बरोबर त्याचा बाप, पुन्हा रॉकेल, पुन्हा काडी. वकिलाने नशेकडे बोट दाखवून पार्ट टू मागितला. न्यायालयाने नकार दिला आणि एक भेद केला जो या सगळ्या विषयात मला सर्वांत मोलाचा वाटतो: कधीतरी पिणाऱ्याची नशा शिक्षा सौम्य करायचं कारण होऊ शकेल, नेहमीच्या पिणाऱ्याची नशा ही उलट शिक्षा वाढवणारी बाब समजावी. ३०२ कायम. दोन निकालांत चौदा वर्षांचं अंतर आहे आणि एका बादलीभर पाण्याचं.

या भेदावर एक व्यावहारिक अडचण उभी राहते. नशा किती होती हे घरगुती खटल्यात कुणी मोजलेलं नसतं. मुंबईत २००६ मध्ये कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी गेली, ७ जण मेले, ८ जखमी झाले. त्या चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के अल्कोहोल होतं, म्हणजे १०० मिलिलिटरला ११२ मिलिग्रॅम, वाहन चालवण्याच्या ३० मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या जवळपास चौपट. आकडा तीन दशांश स्थळांपर्यंत मिळाला, कारण चालकाला ताबडतोब दवाखान्यात नेऊन रक्त घ्यायची वाहतूक खटल्यांत रीतच आहे. सत्र न्यायालयाने निष्काळजीपणा धरून ६ महिने दिले होते, उच्च न्यायालयाने पार्ट टू लावून ३ वर्षं केली, २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. सात जीव, तीन वर्षं, हा भागाकार ज्याने त्याने करावा. घरातल्या खटल्यात आरोपी बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी सापडतो. रक्तातली दारू ताशी साधारण १५ मिलिग्रॅमने उतरते, म्हणजे ११२ वरून ३०च्या खाली यायला साडेपाच तास पुरतात. सकाळी डॉक्टरांच्या कागदावर उरतं ते 'तोंडाला दारूचा वास' एवढंच, कधी तेही नाही. मग नशा किती, नेहमीची की कधीतरीची, हे सगळं शेजारणीच्या आणि पोरांच्या तोंडी साक्षीवर.

विलायतेत असा गुन्हा घडला तर निदान न्यायाधीशापुढे एक तक्ता असतो. इंग्लंड-वेल्समध्ये १ नोव्हेंबर २०१८ पासून बेकायदा कृत्यातून घडलेल्या मनुष्यवधाला दोषाच्या चार श्रेणी आहेत आणि प्रत्येकीचा आरंभबिंदू ठरलेला: १८, १२, ६ आणि २ वर्षं. नशेत असणं तिथे वजनवाढीच्या यादीत येतं, त्याचा भेद रोजचा-कधीतरीचा असा नाही. आपल्याकडे मलिमठ समितीने २००३ मध्ये अशा मार्गदर्शक सूत्रांची शिफारस केली होती, ती कागदावर राहिली. शून्य ते दहा ही पट्टी न्यायाधीशाच्या हाती, मधल्या खुणा पुसलेल्या. तक्ता आला की अन्याय संपतो असं मी म्हणणार नाही. पण सारख्या वरवंट्याला एका जिल्ह्यात चार आणि शेजारच्या जिल्ह्यात नऊ वर्षं मिळाली, तर का, एवढं तरी विचारता येतं.

दोषी ठरवल्यावर शिक्षा सुनावण्याआधी आरोपीला विचारावं लागतं: शिक्षेबद्दल काही सांगायचं आहे का? पिंजऱ्यात उभा असलेला माणूस बहुधा ठरलेलंच सांगतो. म्हातारी आई आहे, पोरं लहान आहेत, पहिलाच गुन्हा आहे. इतर खटल्यांत हे वाक्य निकालपत्रात एका ओळीत संपतं. इथे पोरं आरोपीची तशी मेलेलीचीही असतात. सासूचं म्हातारपण ज्या सुनेवर अवलंबून होतं तीच गेलेली असते. दया कुणाच्या नावाने मागायची, आणि कठोरपणा कुणाच्या नावाने, हे न्यायाधीशाने त्या दहा मिनिटांत ठरवायचं. दंडाचं त्याहून विचित्र. पाच हजार दंड, न भरल्यास आणखी काही महिने कैद. तो भरायचा कुणी? मामाकडे राहायला गेलेल्या पोरांच्या वाट्याच्या जमिनीतून, नाहीतर त्या म्हातारीच्या पाटल्यांतून. दंडातून पीडितांना भरपाई द्यायची सोय कायद्यात आहे, म्हणजे पोरांचे पैसे न्यायालयातून फिरून पोरांकडे येऊ शकतात. त्यापेक्षा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे सरकारी भरपाईसाठी पाठवण्याचा आदेश बरा, पण तो न्यायाधीशाला आठवावा लागतो, आणि पोरांच्या मामाला तो कागद घेऊन कुठल्या खिडकीवर जायचं हे माहीत असावं लागतं.

वरवंटा एव्हाना मुद्देमाल झालेला असतो. पांढऱ्या कापडात गुंडाळून सुतळीने बांधलेला, गाठीवर लाखेचं सील, खाली पंचांच्या सह्यांची चिठ्ठी. डॉक्टरांच्या साक्षीच्या दिवशी ते सील फोडतात. डॉक्टर तो हातात घेतात, वजन जोखल्यासारखं करतात. सरकारी वकील नेहमीचा प्रश्न विचारतो: अहवालातली जखम या वस्तूने होऊ शकते का? होऊ शकते. नैसर्गिक क्रमात मृत्यू यायला ती पुरेशी आहे का? आहे. टंकलेखक तेवढं टिपतो. एका बाजूने झिजून गुळगुळीत झालेला दगड पुन्हा कापडात जातो.

निकालपत्राच्या शेवटी आदेशाचे क्रमांक असतात. आरोपी अमुक कलमाखाली दोषी. अमुक वर्षं सश्रम कारावास, अमुक रुपये दंड. कोठडीत काढलेले दिवस वजा. निकालाची प्रत आरोपीला विनामूल्य. आणि सगळ्यांत शेवटचा क्रमांक बहुतेक वेळा सारखाच: मुद्देमालातील वरवंटा किंमतशून्य असल्याने अपिलाची मुदत संपल्यावर नष्ट करण्यात यावा.